झुडपाआड बसलेला पळपुटा नसतो

लढाई सुरू होऊन जेमतेम दीड मिनिट झालेलं असतं. मी झुडपाच्या मागे गाडी उभी केलेली असते, समोरचं शेत रिकामं असतं, आणि चॅटच्या चौकटीत एक शब्द उमटतो: 'कॅम्पर'. लगेच कुणीतरी छोट्या नकाशावर माझ्या चौकोनावर टिचक्या मारायला लागतं. टिंग, टिंग, टिंग. साऱ्या संघापुढे बोट दाखवून सांगायचं असतं, की आम्ही पुढे मरतोय आणि हा बघा, इथे दडून बसलाय.

दहा वर्षांत हा शब्द इतक्या वेळा वाचलाय, की अनोळखी माणसानं वापरला तर मी उत्तर देत नाही. पण गेल्या महिन्यात तो एका जुन्या मित्राच्या तोंडून ऐकला. होस्टेलच्या एकाच खोलीत, एकाच खडखडणाऱ्या पंख्याखाली आम्ही दोघं 'वर्ल्ड ऑफ टँक्स' शिकलो. तो चिडून बोलला नाही. मुद्दे मांडून, शांतपणे बोलला. म्हणून त्याला तसंच उत्तर देणं मला भाग आहे. शिवाय त्यानं जे बोलून दाखवलं ते हा खेळ खेळणाऱ्या कितीतरी जणांच्या मनात असतं.

त्याचे आरोप तीन. पहिला असा, की रणगाडा पुढे जाण्यासाठी असतो. मागे दडून गोळे टाकणारा भित्रा असतो आणि त्याच्या सुरक्षिततेची किंमत पुढचे खेळाडू मोजतात. दुसरा, की यात कसब काहीच नाही. एक झुडूप, एक लांब नळी आणि माऊसचं एक बटण, एवढ्यावर काम भागतं. आणि तिसरा, की खालच्या टियरचा टँक डिस्ट्रॉयर ही चढून जायची पायरी आहे. तिथेच रमणाऱ्याला वरच्या खऱ्या खेळाची धास्ती वाटते, किंवा नवख्यांना मारण्यात गोडी वाटते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मिन्स्क शहरात सुरू झालेल्या वॉरगेमिंग कंपनीनं तो २०१० मध्ये आधी रशियात आणि २०११ मध्ये युरोप-अमेरिकेत आणला. एका बाजूला १५ खेळाडू, दुसऱ्या बाजूला १५. लढाई जास्तीत जास्त १५ मिनिटांची. गाडी एकदा फुटली की त्या लढाईपुरता तुमचा खेळ संपला. गाड्यांचे अनेक टियर, म्हणजे चढत्या पायऱ्या, आणि पाच प्रकार: हलके, मध्यम, जड रणगाडे, स्वयंचलित तोफा आणि टँक डिस्ट्रॉयर, म्हणजे रणगाडे मारण्यासाठीच बनवलेली गाडी. आम्ही तिला टीडी म्हणतो. पहिल्या काही टियरमधल्या टीडीची ओळख अशी, की तोफ तिच्या वजनाच्या मानाने मोठी आणि कातडी कागदाची. बहुतेकींना फिरता बुरूज नसतो. तोफ थोडीशी डावी-उजवीकडे हलते. त्यापलीकडे नेम धरायचा तर अख्खी गाडी वळवावी लागते.

आता पहिला आरोप, भित्रेपणाचा.

ही गाडी अशी का आहे, हे विचारल्याशिवाय तिच्या चालकाला भित्रा म्हणणं अन्यायाचं आहे. तिसऱ्या टियरमधली जर्मन 'मार्डर टू' घ्या. १९४१ च्या जूनमध्ये जर्मनीनं सोव्हिएत संघावर हल्ला केला, तेव्हा त्यांच्या पायदळाकडे रणगाड्यांविरुद्ध ३७ मिलिमीटरची तोफ होती. समोरून टी-३४ आणि केव्ही रणगाडे आले आणि या तोफेचे गोळे त्यांच्यावर नुसते आपटून पडू लागले. जर्मन सैनिक तिला 'दार ठोठावायचं यंत्र' म्हणू लागले. मोठी तोफ हवी होती. ७५ मिलिमीटरची पाक-४० ही तोफ तयार होत होती, पण तिचं वजन जवळपास दीड टन. रशियाच्या चिखलातून माणसांनी ती ओढत न्यायची म्हणजे दिव्यच. दुसरीकडे 'पँझर टू' हा हलका रणगाडा कालबाह्य झाला होता. त्याची मूळ तोफ होती अवघी २० मिलिमीटरची. तेव्हा त्याचा बुरूज काढला, सांगाड्यावर मोठी तोफ चढवली आणि तोफखान्याच्या माणसांभोवती पातळ पत्र्याची ढाल उभी केली. डोक्यावर छप्पर नाही, पाठीमागे भिंत नाही. काही गाड्यांवर तर सोव्हिएतांकडूनच जिंकून घेतलेल्या ७६.२ मिलिमीटरच्या तोफा बसवल्या. सगळी गाडी मिळून ११ टनांच्या आत.

या ११ टनांतच सगळा हिशेब आहे. सांगाडा जेवढं ओझं पेलू शकत होता तेवढं तोफेनं खाल्लं. चिलखताला उरलंच काही नाही. त्या गाडीला समोरासमोरच्या मारामारीत पाठवणारा अधिकारी शूर ठरला नसता. त्यानं तीन-चार माणसं आणि एक मोलाची तोफ फुकट घालवली, असंच कुणीही म्हटलं असतं. खेळातली 'मार्डर टू' याच हिशेबावर बेतलेली आहे. तिला 'पुढे चल' म्हणणं म्हणजे यष्टिरक्षकाला 'स्टंपांमागे काय उभा राहतोस, बोलिंग टाक' म्हणण्यासारखं आहे.

माझा मित्र जे म्हणतो ते नवं नाही. ते एका मोठ्या सैन्यानं प्रत्यक्ष करून पाहिलंय. १९४१ च्या अखेरीस अमेरिकेनं टँक डिस्ट्रॉयरचं वेगळं दल उभारलं. टेक्सासमधल्या कॅम्प हूडला त्याचं प्रशिक्षण चाले. रणगाडा जबड्यात चिरडणारा काळा बिबट्या हे त्याचं चिन्ह, आणि घोषवाक्याचा अर्थ होता, 'शोधा, हल्ला करा, नष्ट करा'. १९४२ च्या त्यांच्या नियमपुस्तिकेत चढाईच्या वृत्तीवर भर होता. मग ते ट्युनिशियात आले. २३ मार्च १९४३ ला एल गेत्तारजवळ त्यांची गाठ जर्मनांच्या १० व्या पँझर डिव्हिजनशी पडली. अमेरिकनांनी तो हल्ला थोपवला, पण टीडी बटालियननं त्यासाठी आपल्या अनेक गाड्या गमावल्या. पातळ पत्र्याच्या हाफट्रॅक गाड्यांवर बसवलेल्या तोफा होत्या त्या. लढाईतून शिकत शिकत १९४४ मध्ये ती पुस्तिका सुधारून लिहावी लागली. चढाईच्या जागी आडोसा, दबा आणि इतर दलांशी मेळ या गोष्टींना महत्त्व आलं. जी गोष्ट शिकायला माणसं गमवावी लागली, ती एका खेळात तरी आपण फुकट शिकायला हरकत नाही.

आपल्याकडे याहून जवळचं उदाहरण आहे. पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर नावाचं गाव आहे. सप्टेंबर १९६५ मध्ये तिथे पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चालून आले. ते आपल्या सेंच्युरियन आणि जुन्या शर्मन रणगाड्यांपेक्षा नवे होते. आपल्या चौथ्या माउंटन डिव्हिजननं घोड्याच्या नालेच्या आकारात मोर्चा लावला, उसाच्या शेतांत रणगाडे दडवले आणि शत्रू आत येण्याची वाट पाहिली. ४ ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद जीपवर बसवलेली १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ घेऊन पिकाच्या आडून पॅटन टिपत होते. जीपला चिलखत कसलं? झुडूप आणि अंतर, एवढंच त्यांच्याकडे होतं. १० सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

त्यांच्या बलिदानाशी मी माझ्या खुर्चीतल्या खेळाची बरोबरी करत नाही. ती करणं पाप ठरेल. मी एवढंच म्हणतो, की आडोशाला बसून रणगाडा जवळ येऊ देणं या कृतीला जर कुणी मुळातच भित्री म्हणत असेल, तर त्यानं असल उत्तरकडे एकदा पाहावं. पत्र्याच्या गाडीत बसून, पोलादाचा डोंगर आपल्याकडे येताना बघत बोट आवरून धरायला छाती लागते.

आणि किंमत कोण मोजतं, याचाही हिशेब मांडू या. प्रत्येक गाडीला ठरावीक एचपी असतात. ते संपले की गाडी फुटली. मित्राला वाटतं, की मी माझे एचपी राखतो आणि पुढच्यांचे जाळतो. पण जड रणगाड्याचे एचपी आणि माझे एचपी ही एकाच दराची नाणी नाहीत. केव्ही-१ च्या अंगावर आलेला गोळा चिलखतावरून घसरून जाऊ शकतो. तो मार खायलाच पुढे उभा असतो आणि त्याचं ते मोठंच काम आहे. माझ्या 'हेट्झर' या टीडीची बाजू २० मिलिमीटरची. तिथे लागलेला प्रत्येक गोळा आत जातो. मी त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलो तर शत्रूला दोन-तीन सोपे गोळे मिळतात आणि संघाची एक चांगली तोफ दुसऱ्याच मिनिटाला बंद पडते. मी ४०० मीटर मागे राहिलो तर तीच तोफ दहा-बारा मिनिटं चालते, आणि तिच्या गोळ्यांमुळे केव्ही-१ चे एचपी वाचतात. मी मागे असतो म्हणून तो मरत नाही. मागे असूनही मी गोळा झाडला नाही, तर मात्र मरतो. दोष द्यायचा तर त्या न झाडण्याला द्या. तो दोष मी पुढे स्वतःहून मान्य करणार आहे.

दुसरा आरोप कसब नसल्याचा. याचं उत्तर तत्त्वानं देता येत नाही. एक लढाई जवळून दाखवावी लागते.

मालिनोव्का नावाचा नकाशा. मधे मोठं मोकळं शेत, कडेला झाडी आणि टेकडी. माझ्याकडे चौथ्या टियरची हेट्झर. हिचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९४४ मध्ये प्राग आणि प्लझेनच्या कारखान्यांत, एका जुन्या चेक रणगाड्याच्या घटकांवर बेतून ही बनली. समोरचा पत्रा ६० मिलिमीटर, पण इतका तिरका की गोळा लागला तर सरकून जावा. तोफ मधोमध बसवायला जागा नव्हती म्हणून ती उजवीकडे सरकवलेली. डावीकडे फक्त ५ अंश वळायची, उजवीकडे ११. अशा अवघडलेल्या गाडीत चार माणसं बसत.

मी एका झुडपामागे आलो, आणि थेट त्याला चिकटून उभा न राहता १५ मीटर मागे सरकलो. का? या खेळात झुडपापासून १५ मीटरच्या आत असताना गोळा झाडला, तर त्या झुडपाची झाक जवळपास उडून जाते आणि शत्रूला तुम्ही दिसता. १५ मीटरच्या मागून झाडला तर ती टिकते. पण हा सौदा फुकट नाही. १५ मीटरच्या आत असताना झुडूप तुमच्यापुरतं पारदर्शक असतं. मागे सरकलात की ते तुमच्याही डोळ्यांवर पडदा टाकतं. आता समोरचं काही दिसायचं असेल तर पुढे दुसरं कुणीतरी हवं, ज्याच्या नजरेनं तुम्ही बघाल.

तो दुसरा त्या दिवशी होता एक स्टुअर्ट. हलका अमेरिकन रणगाडा. तो शेताच्या कडेच्या झुडपात जाऊन थांबला होता, इंजिन दाबून, एकही गोळा न झाडता. संघातल्या जड रणगाड्यांपैकी दोघं टेकडीकडे धावले आणि दोन मिनिटांत फुटले. त्यातल्याच एकानं माझ्या चौकोनावर टिचक्या मारल्या. तोवर मी खरोखर एकही गोळा झाडला नव्हता. गाडी थांबून तीन सेकंद झाली की वरची कॅमोफ्लाज जाळी काम करू लागते, आणि सांगाडा जरा वळवला की ती तीन सेकंदं पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात. म्हणून मी एक्सची कळ दाबून सांगाडा जागच्या जागी बांधून ठेवला होता. तोफ जेवढी वळेल तेवढाच माझा टापू. बाहेरचं कितीही मोहात पाडणारं लक्ष्य सोडून द्यायचं.

मग स्टुअर्टच्या नजरेतून नकाशावर लाल ठिपके पेटले. एक केव्ही-१, त्याच्या मागे दोन मध्यम रणगाडे. अंतर ३५० मीटरच्या आसपास. माझ्या ७५ मिलिमीटरच्या गोळ्याचं सरासरी नुकसान ११०, तेही प्रत्येक गोळ्याला २५ टक्के वर-खाली. पाचव्या टियरचा केव्ही-१ फोडायला साधारण सहा-एक गोळे लागणार, आणि काही चिलखतावरून निसटणार. मी त्याला सोडलं. मध्यम रणगाडे त्याच्या आडोशानं येत होते. केव्ही पुढे गेला की त्यांची बाजू उघडी पडणार होती. मी अकरापर्यंत मोजलं. पहिल्याची बाजू दिसली, नेमाचं वर्तुळ आकसेपर्यंत थांबलो, झाडला. लागला. दुसरा गोळा भरेपर्यंत तो वळून लपायला बघत होता. त्याच्या नाकापुढे अर्धी गाडी सोडून झाडला. तोही लागला. तिसऱ्या गोळ्याला तो फुटला. दुसरा मध्यम रणगाडा माघारी गेला. एकट्या पडलेल्या केव्हीवर मग आमच्या उरलेल्या तिघांनी आणि मी मिळून गोळे टाकले.

तेवढ्यात माझ्या पडद्यावर दिवा लागला. गाडी शत्रूला दिसल्यावर तीनेक सेकंदांनी हा दिवा लागतो. दिसून गेल्यावर कळतं, आधी नाही. मी मागे सरकलो, उतारावर उतरलो, आणि ज्या जागी मी होतो तिथे दोन गोळे येऊन पडले. दुसऱ्या झुडपापर्यंत जायला मला पाऊण मिनिट लागलं. त्या पाऊण मिनिटात स्टुअर्ट फुटला. मला तो वाचवता आला नाही, आणि ते मला आजही डाचतं. शेवटी आम्ही ती लढाई जिंकलो. शत्रूचा एक रणगाडा आमच्या तळाच्या वर्तुळात शिरला होता, १०० गुण झाले असते तर तळ गेला असता. एक गोळा लागला की त्याचे जमवलेले गुण शून्यावर येतात. तो गोळा घालायला उरलेल्या तिघांत मी होतो.

आता सांगा, यात कसब कुठे नव्हतं? कुठे उभं राहायचं, कुणाला सोडायचं, कधी थांबायचं, कधी उठायचं, असे दहा-बारा निर्णय झाले. त्यातले बहुतेक 'गोळा झाडू नको' असे होते. बघणाऱ्याला न झाडलेला गोळा दिसत नाही. म्हणून त्याला वाटतं, हा नुसता बसलाय. आमच्या गावी विहिरीवर खंड्या पक्षी तासभर एका फांदीवर बसायचा. त्याला कुणी आळशी म्हणत नसे, कारण त्याच्या चोचीत मासा आलेला सगळ्यांनी पाहिलेला असे.

आणि या गोष्टीतला जो भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, तो स्टुअर्टचा. जाड चिलखताच्या गाडीत बसलेल्याला वाटू शकतं, की मी एकटा जिंकेन. पातळ पत्र्याच्या टीडीला ते कधीच वाटत नाही. माझे डोळे दुसऱ्याकडे, माझी ढाल दुसऱ्याकडे; माझ्याकडे फक्त तोफ. माझ्याइतकं संघावर अवलंबून कुणीच नसतं. मग मी संघाशी फटकून वागतो हा आरोप येतो कुठून?

तिसरा आरोप खालच्या टियरचा. इथे मी थोडं मान्य करणार आहे, आणि मोकळेपणानं करणार आहे.

नवख्यांची शिकार करणारे लोक आहेत. हजारो लढाया खेळलेले, कसलेले क्रू गाडीत बसवलेले, आणि कालपरवा खेळायला लागलेल्या पोरांना दुसऱ्या-तिसऱ्या टियरमध्ये उडवून आपले आकडे फुगवणारे. त्यांची बाजू मी घेणार नाही. तालमीत आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी वस्तादानं आपटायचं नसतं. मी स्वतः खालच्या टियरमध्ये खेळतो तेव्हा नवा क्रू घेऊन खेळतो, आणि कुणी चॅटमध्ये विचारलं तर उत्तर देतो. दुसरे असतात सीमारेषेवरचे. नकाशाच्या शेवटच्या ओळीत, तळाच्याही मागे, जिथून कुठलाच रस्ता टप्प्यात येत नाही तिथे गाडी लावून १५ मिनिटं काढणारे. खेळात ४४५ मीटरच्या पलीकडची गाडी स्वतःच्या नजरेनं कधीच हेरता येत नाही, आणि पुढचे सगळे मेल्यावर याच्यासाठी हेरणार तरी कोण? हा बसतो तो काम करायला नाही. तिसरी गोष्ट, एका संघात सात-आठ टीडी आले आणि सगळेच झुडपात शिरले, तर ती लढाई हरण्याच्या लायकीची आहे. अशा वेळी टीडीनंसुद्धा दुसऱ्या फळीत, जड रणगाड्याच्या मागे शंभर मीटरवर जाऊन उभं राहायला हवं.

पण ही बसण्याची चूक झाली, गाडीची नाही. काम करणारा आणि चुकार ओळखायची खूण सोपी आहे. त्याच्या तोफेच्या टप्प्यात शत्रूचा एखादा तरी वाटेचा तुकडा आहे का, आणि लढाईचं पारडं बदललं की तो जागा बदलतो का? दोन्हीचं उत्तर 'हो' असेल तर तो चुकार नाही, भले त्यानं तीन मिनिटं तोफेला हात लावलेला नसो.

आता उरलेला मुद्दा, की खालचा टियर हा नुसता जिना. मला नेमकं उलटं वाटतं. वरच्या टियरच्या कितीतरी टीडींना समोरून दणकट चिलखत असतं. 'यागडपँझर ई-१००' दहाव्या टियरची. तिचं समोरचं चिलखत चुकीच्या जागी उभं राहिलं तरी बरेच गोळे अडवतं. मोठी गाडी तुमची चूक पोटात घालते. मार्डर घालत नाही. झुडपाला चिकटून झाडलात, तर पुढच्या तीन सेकंदांत शिक्षा. एकाच जागेवरून दोनपेक्षा जास्त गोळे झाडलेत, शिक्षा. शत्रू ५० मीटरच्या आत आला, की कुठलंही झुडूप तुम्हाला वाचवत नाही. आणि ही फी परवडणारी असते: खालच्या टियरची दुरुस्ती स्वस्त, गाडी मिळायला वेळ लागत नाही. इतकी कडक आणि इतकी स्वस्त शाळा या खेळात दुसरी नाही. जे तिच्यातून घाईनं निघून जातात, ते मग आठव्या-नवव्या टियरमध्ये महागडी गाडी घेऊन झुडपाला नाक लावून उभे राहतात, पहिल्याच गोळ्याला दिसतात आणि गाडीला शिव्या देतात. माझा मित्रही हेच करतो. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय, म्हणून इथे लिहितोय.

एक शेवटचा दाखला, आणि तो जवळचा आहे. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे. तिथे एक 'आर्चर' उभी आहे. इंग्लंडनं 'व्हॅलेंटाइन' रणगाड्याच्या सांगाड्यावर १७ पौंडी तोफ बसवून दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या टप्प्यात बनवलेली टीडी. आमच्या खेळात ती पाचव्या टियरला आहे. वडिलांबरोबर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, कारण मला वाटलं तोफ चुकून उलटी बसवलीय. नळी गाडीच्या मागच्या बाजूला रोखलेली. पुढे चालक बसतो त्या जागेकडे तोफेचा मागचा भाग यायचा. गोळा झाडायच्या वेळी चालकाला आपली जागा सोडून बाजूला व्हावं लागे, नाहीतर तोफेचा धक्का त्याच्यावर येई. वाचून कळलं की सांगाडा लहान आणि तोफ लांब, म्हणून ती अशी बसवावी लागली. पण लढणाऱ्यांना तिचा फायदाही दिसला. दबा धरायचा, गोळे झाडायचे, आणि जागा उघड झाली की गाडी न वळवता, तोंड जिकडे आहे तिकडे सरळ निघून जायचं.

त्या गाडीत माघार ही आधीच धरलेली आहे. तिथून उठून दुसऱ्या जागी जाणं हा तिच्या लढण्याचाच भाग आहे, आणि चालकानं आपली जागा सोडून तोफेला वाट देणं हाही. पुढे रोखलेली तोफ शूर आणि मागे रोखलेली भित्री, असं तिच्या शेजारी उभं राहून कुणाला म्हणवेल असं मला वाटत नाही.

म्हणून माझ्या मित्राला, आणि त्याच्यासारखा विचार करणाऱ्या सगळ्यांना माझी एकच विनंती आहे. पुढच्या वेळी मी झुडपामागे दिसलो आणि तुमच्यावर गोळे पडत असले, तर रागाची ती टिचकी माझ्या चौकोनावर वाया घालवू नका. ती शत्रूच्या चौकोनावर मारा. कुठून आलाय, कुठे वळतोय, ते मला कळू द्या. तोफ केव्हाची भरलेली आहे.